सदतीस नंबरची काच

पौषातला गारठा बुलढाण्याच्या माथ्यावर जरा जास्तच माजतो. खाली मलकापूरकडची माणसं एका सदऱ्यावर हिंडत असतात, तेव्हा घाट चढून वर आलेला माणूस कानाला उपरणं बांधतो. त्या दिवशी सकाळी तर धुकं असं बसलं होतं की देऊळघाटाच्या रस्त्यावरून जाणारी बैलगाडी दिसत नव्हती, नुसत्या घुंगरमाळा ऐकू येत होत्या.

रस्त्याच्या अंगाला तारेच्या कुंपणात सरकारी फळरोपवाटिका होती. तिथे उकंडराव माळी झारी घेऊन जंबेरीच्या, कलमासाठी वाढवलेल्या रानलिंबाच्या, वाफ्यांना पाणी घालत होते. विहिरीचं पाणी कोमट असतं तोवर रोपांना मिळालं पाहिजे, नाहीतर कोवळी पानं गारठ्यानं काळी पडतात, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. इंग्रज होता, मग मध्यप्रदेश आला, मग मुंबई राज्य, आता महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. फाटकावरची पाटी चार वेळा रंगली, झारी तीच राहिली. फक्त तिचं नळकांडं दोनदा डाख लावून घेतलं.

आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईनं तिसऱ्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. असं ओवाळून टाकलेलं पोर देवही न्यायला कचरतो म्हणतात. झालंही तसंच. उकंडा जगला, वाढला, आणि बोटांत अशी काही कला घेऊन आला की जंबेरीच्या खुंटावर त्यानं संत्र्याचा डोळा भरला तर शंभरातले नव्वद-पंच्याण्णव धरायचे. खुंटाच्या सालीला बोटभर उभी चीर, तिच्या माथ्यावर आडवी चीर, साल जराशी उचलायची, संत्र्याच्या डोळकाडीवरून देठासकट काढलेला डोळा, देठ खाली ठेवून, वरून खाली अलगद सारायचा, आणि ओल्या केळीच्या सोपाची पट्टी गुंडाळायची. सांगायला एवढंच. करायला जन्म लागतो.

सरकारनं दरवर्षी ग्रामसेवकांची एक तुकडी इथे शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना शिकवायचं काम आपोआप उकंडरावांकडे आलं. कागदावर ते माळीच होते, वर्ग चार. पण आंब्याखाली पोतं टाकून बसले की पॅन्ट घातलेले ग्रामसेवक त्यांच्यासमोर उकिडवे बसत. त्यांची शिकवणीही न्यारीच. बोलणं कमी. चाकू हातात द्यायचे, मनगट धरायचे आणि म्हणायचे, "बिघडव. दहा डोये बिघडव. अकराव्याची गोठ मंग करू." दहा बिघडवायला दोन दिवस जायचे. पाचव्या दिवशी पोरगं स्वतःहून हसायला लागायचं, मग उकंडराव मनगट सोडायचे. जाताना सगळे त्यांना 'मास्तर' म्हणून रामराम करायचे. ही हाक त्यांना पगारापेक्षा गोड लागायची. सरस्वतीबाई, त्यांची बायको, कधीमधी टोमणा मारायची, "शाळेची पायरी नाही चढले अन मास्तर झाले!" तेव्हा ते मिशीतल्या मिशीत हसायचे. 

मग त्या वर्षी डबा आला.

डबा म्हणजे काचेची चित्रं भिंतीवर पाडायचं यंत्र. सोबत लाकडी पेटीत साठ काचा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल ठिपका, आणि एक छापील पुस्तिका. डबा आणला नव्या साहेबांनी. नारायणराव साहेब मेहकरकडचे, शेतकीची पदवी पहिल्या वर्गात काढलेले, वय सव्वीस. माणूस वाईट नव्हता, उलट मोठा मायाळू. आल्याबरोबर त्यांनी गड्यांसाठी चहाची किटली सुरू केली. बोलणं पुस्तकी आणि स्वच्छ, पण घाबरले की तोंडून गावाकडची बोली निघून जायची, हे उकंडरावांनी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं. विहिरीजवळ घोणस निघाली तेव्हा साहेब ओरडले होते, "अरे बाप्पा, हे कुठून आलं बे!"

"उकंडराव," साहेबांनी डब्यावरून हात फिरवत सांगितलं होतं, "तुम्हाला पाच दिवस उन्हातान्हात घसा कोरडा करावा लागतो. आता तीन तासांत बारा माणसं तयार होतील. तुम्ही फक्त या स्टुलावर बसून काचा बदलायच्या. लाल ठिपका उजव्या हाताला वर आला पाहिजे."

साहेबांना वाटलं, आपण म्हाताऱ्याला बढती दिली.

त्या धुक्याच्या सकाळी बारा ग्रामसेवकांची तुकडी आली. गोदामाच्या खिडक्यांना गोणपाटं ठोकली, भिंतीवर धोतर ताणलं, डबा गुरगुरायला लागला. पहिल्या दहा काचांत बर्फाच्या डोंगराखालचे सफरचंदाचे बगीचे होते. पुढच्या दहांत गोल टोपी घातलेला कोणी परदेशी माणूस हसत उभा. साहेब अंधारात बॅटरीच्या उजेडावर पुस्तिका वाचत होते. भिंतीकडे त्यांची पाठ. पंचविसाव्या काचेला मागच्या ओळीत कोणीतरी घोरायला लागलं. जागा होता एकटा शेषराव. धामणगाव बढ्याकडचा, हुशार, अक्षर सुंदर. तो प्रत्येक चित्र वहीत काढून घेत होता.

तिसाव्या काचेला उकंडरावांना राहवलं नाही. चित्रात चाकू दाखवला होता. ते म्हणाले, "साहेब, हा चाकू असा धरला तर आंगठा कापते. मी धरून दाखोतो..."

"उकंडराव," साहेब नरमाईनंच पण तुटकपणे म्हणाले, "मध्ये बोलू नका. ओळ तुटते. तुम्ही काचा बदला."

अंधारात एकदोघे हसले. उकंडरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बावीस वर्षांत या आवारात त्यांना कोणी गप्प बसवलं नव्हतं, आणि बसवलं तेही शिकणाऱ्यांच्या देखत.

सदतीस नंबरच्या काचेचा ठिपका निघून गेला होता. अंदाजानं लावली. भिंतीवर डोळ्याचं जवळून काढलेलं चित्र पडलं. त्यात माणूस नाही, माती नाही, आभाळ नाही. नुसती साल, चीर आणि डोळा. उकंडरावांनी एक नजर टाकली. पानाचा देठ वर होता आणि डोळा खाली. आडवी चीर माथ्याला असायची ती तळाला. काच उलटी लागली होती.

हात काचेकडे गेला. तोंडही उघडलं. आणि मग त्यांनी तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवला.

'बोलू नोको म्हणते ना? नाही बोलत. पह्यल्या वर्गात पास झाला हाये, त्याले दिसते का नाही पाहू.'

साहेबांना दिसलं नाही. ते वाचत होते, "डोळा चित्रात दाखवल्याप्रमाणे चिरेत सारावा." शेषराव चित्र काढत होता, पेन्सिलीला टोक करून, एक रेघ इकडची तिकडे न होऊ देता.

"पुढची," साहेब म्हणाले. उकंडरावांनी पुढची लावली.

संध्याकाळी लेखी परीक्षा झाली. शेषरावाला वीसपैकी एकोणीस. उकंडरावांनी साहेबांपुढे उभं राहून चार दिवसांची रजा मागितली. लेकीला भेटून येतो म्हणाले. साहेबांनी लगेच दिली, वर म्हणाले, "जा, जा. आता तुमच्यावाचून अडत नाही."

ते बोलले चांगल्या मनानं. पण उकंडराव एसटीत बसेपर्यंत ते वाक्य चघळत राहिले.

लेक आशाबाई धामणगाव बढ्याला दिलेली. तिथे जावयाच्या परसात उकंडरावांनी लिंबाची दोन कलमं बांधली, नातवंडांना बोरं खाऊ घातली, पण जीव रमेना. तिसऱ्या दिवशी आशाबाईनं विचारलंच, "बाबा, काऊन असे बसून राह्यले? कोणं काही बोललं का?"

"कोणी काही बोललं नाही बाई," ते म्हणाले. "मीच नाही बोललो."

तिला काही उमगलं नाही. तिनं भाकर वाढली.

चौथ्या दिवशी दुपारी ते रोपवाटिकेत परतले आणि तडक वाफ्यांकडे गेले. बारा ग्रामसेवकांनी माणशी चाळीस प्रमाणे चारशे ऐंशी खुंटांवर डोळे भरून ठेवले होते. पट्ट्या झकास बांधल्या होत्या, ओळी दोरीनं आखल्यासारख्या. उकंडराव पहिल्या खुंटापाशी वाकले. पट्टीच्या वरून देठाचं टोक डोकावत होतं. दुसऱ्याचंही. दहाव्याचंही. ते वाफा ओलांडून दुसऱ्यात गेले, तिसऱ्यात गेले. सगळे डोळे डोकं खाली करून बसवलेले.

शेषराव तिथेच होता. धावत आला. "मास्तर, पाह्यलं का? डोये भराच्या दोन्ही दिवशी साहेबाले जिल्हा परिषदेत मीटिंग होती. आम्हीच भरले सगळे. माही वही फिरवली ओळीओळीनं. एकाचीबी चूक नाही!"

त्यानं वही उघडून दाखवली. उलटा डोळा इतका देखणा काढला होता की उकंडरावांना त्या पोराच्या हाताचं कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

"उद्या अकोल्याहून मोठे साहेब येऊन राह्यले प्रमाणपत्र द्याले," शेषराव म्हणाला. "परवा आम्ही आपापल्या गावाले. गेल्या गेल्या पन्नास शेतकऱ्याइले शिकोतो मी हे."

पन्नास शेतकरी. आणि असे बारा ग्रामसेवक. उकंडरावांनी मनातल्या मनात गुणाकार करायचा सोडून दिला. उलटा डोळा मरतोच असं नाही, हीच खरी खोडी. तो धरतो. कोंब फुटतो, पण जमिनीकडे फुटतो, मग उजेडाच्या ओढीनं कोपरासारखा वाकून वर येतो, आणि फळांचा भार आला की त्याच वाकात मोडतो. चार वर्षं पाणी घातलेलं झाड मोडतं. आणि शेतकरी म्हणतो, नशीब.

सांजेला त्यांनी चुलीपाशी बसून सरस्वतीबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"म्हंजे तुम्हाले दिसलं होतं?"

"हाव."

"अन तुम्ही बसून राह्यले?"

"त्यानं मले बोलू नोका म्हटलं ना. चारचौघात."

"तोंड साहेबानं बंद केलं," सरस्वतीबाई म्हणाली, "हात कोणं बांधले होते? काच फिरवाले तोंड लागते का?" आणि भाकर तव्यावर अशी टाकली की तवा वाजला. "रुसाची येळ आली तर मी रुसावं. तुम्हाले शोभते का या वयात? लोकाइचे बगीचे मोडतीन!"

उकंडराव जेवले नाहीत असं नाही. जेवले. पण तिखट लागलं नाही त्यांना.

सकाळी मोठे साहेब जीपमधून आले. उंच, कोरडा माणूस, घड्याळ बघत बोलणारा. नारायणराव साहेब इस्त्रीचे कपडे घालून मागेपुढे करत होते. त्यांच्या कायम होण्याचा कागद याच माणसाच्या सहीवर अडला होता, हे साऱ्या रोपवाटिकेला ठाऊक होतं. मोठ्या साहेबांना नवी पद्धत दाखवायची म्हणून पुन्हा गोणपाटं टांगली, पुन्हा डबा गुरगुरला. उकंडराव स्टुलावर बसले. मनाशी त्यांचं ठरलं होतं. काच सुलटी लावायची. पोरं पाहतील, समजतील. कोणाचं नाव घ्यायला नको, कोणाची मान खाली जायला नको.

सदतिसावी काच त्यांनी डब्याच्या उजेडात नीट निरखली आणि लावली. भिंतीवर डोळा उभा राहिला. देठ खाली, डोळा वर. बरोबर, जसा असायचा तसा.

शेषरावानं वही आणि भिंत ताडून पाहिली. मग शेषराव म्हणाला, "मास्तर, काच उलटी लागली."

"हो ना, उलटी हाये," दुसरा म्हणाला.

"फिरवा मास्तर, फिरवा!" बाराच्या बारा ओरडले. मोठ्या साहेबांसमोर आपल्याला चूक कळते, याचा आनंद त्यांच्या आवाजात होता.

नारायणराव साहेबांनी पुस्तिकेतून मान वर केली नाही. घाईघाईनं म्हणाले, "उकंडराव, काच फिरवा."

काच फिरवली की सगळं मिटत होतं. मोठे साहेब प्रमाणपत्रं वाटून जीपमध्ये बसले असते, साहेब कायम झाले असते, उकंडराव झारीकडे गेले असते. त्यांचा हात काचेवर होताही.

"नाही फिरवत," ते म्हणाले.

"काय?"

"काच सुलटी हाये साहेब. उलटी त्या दिशी होती." त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "ठिपका निघेल होता. माह्याच हातानं उलटी लागली. मले दिसलं, पण म्या बोललो नाही. पोराइनं तसंच काढून घेतलं, अन बाहेर चारशे ऐंशी डोये उलटे भरून ठेवले. पाहाचे असतीन तर चाला."

साहेब पहिल्यांदा भिंतीकडे वळले. चित्र बघितलं. तोंडावरचा रंग उतरला. त्या अंधारातही ते कळलं.

"अरे बाप्पा," ते पुटपुटले. "काऊन नाही सांगतलं, मामा?"

याआधी त्यांनी कधी मामा म्हटलं नव्हतं.

"बोलू नोका म्हटलं होतं तुम्ही," उकंडराव म्हणाले. मग लगेच मान हलवली. "पण थे काही कारण नाही. मले राग आला होता. रागात बसून राह्यलो."

गोणपाटं निघाली. ऊन आत आलं. सगळे वाफ्यांवर गेले. उकंडरावांनी शेषरावाच्याच ओळीतली एक पट्टी सोडली, आणि शेजारी स्वतः मागच्या साली बांधलेलं कलम दाखवलं. शेषराव बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग त्यानं वही उघडली, आणि वही डोक्याकडून पायाकडे फिरवून धरली.

"असं," तो हळूच म्हणाला.

"हाव, असं," उकंडराव म्हणाले. "चित्र लाखाचं काढलं तू. खुंटाले एकदा हात लावला असता तर त्यानंच सांगतलं असतं. पान कुठी पाहून राह्यलं, देठ कुठी हाये."

मोठे साहेब रुमालानं मान पुसत उभे होते. त्यांनी विचारलं, "दुरुस्त होईल?"

"होईन ना जी. दुसऱ्या अंगानं साल चांगली हाये. पट्ट्या सोडा, तिकून भरा. तीन दिवस पाह्यजे."

"पाच घ्या," मोठे साहेब म्हणाले, आणि प्रमाणपत्रांची पिशवी तशीच जीपमध्ये परत ठेवली. जाताना नारायणरावांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. साहेब मान डोलावत होते. एक शब्द मात्र वाऱ्यावर उकंडरावांपर्यंत आला. 'लेखी ठपका.'

पाच दिवस आंब्याखाली पोतं पडलं. पहिल्या दिवशी दहा-दहा डोळे बिघडवले सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी नारायणराव साहेब येऊन उभे राहिले, आणि हळूच पोत्याच्या टोकाला बसले. त्यांनी चाकू घेतला. पहिला डोळा दोन तुकडे झाला. ग्रामसेवकांनी माना खाली घातल्या, हसू लपवायला.

"कॉलेजात तुमच्या हातानं किती भरले होते साहेब?" उकंडरावांनी विचारलं.

"तीन," साहेब म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "त्यातले दोन गड्यानं भरले होते."

मग हसू कोणालाच लपवता आलं नाही. उकंडरावांनी साहेबांचं मनगट धरलं. "बिघडवा. आणखी नऊ बाकी हायेत तुमचे."

उलटे डोळे सगळे काढले, एक ओळ सोडून. ती ओळ उकंडरावांनी मुद्दाम राखली. फाल्गुनात तिला कोंब फुटले, ते थेट मातीकडे निघाले आणि मग वाकून वर आले, जणू घरातून रुसून निघालेली माणसं अर्ध्या वाटेवरून माघारी वळलीत. पुढच्या तुकडीला सगळ्यात आधी ती ओळ दाखवायची, असं ठरलं. डबा काही अडगळीत गेला नाही. साहेबांचा जीव होता त्याच्यावर. पण साठ काचांच्या वीस झाल्या, आणि गोल टोपीवाला हसरा माणूस पेटीतच राहिला.

ठपका आला तो ग्रामसेवक गेल्यानंतरच्या सोमवारी. साहेबांनी स्वतः लिहिला होता. उकंडराव वाफ्यात होते, तिथे ते कागद घेऊन आले. चेहरा पडलेला.

"द्यावा लागतो, मामा. वरचा हुकूम आहे. तुमच्या नोकरीच्या पुस्तकात चिकटवावा लागेल. आणि माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं, तेही सांगून टाकतो. म्हणजे फिटंफाट."

उकंडरावांनी झारी खाली ठेवली, हात धोतराला पुसले. "वाचा."

साहेबांनी वाचलं. "श्री. उकंडराव माळी यांस. आपण या केंद्राचे प्रात्यक्षिक शिक्षक असताना, शिकवणुकीतील चूक नजरेस येऊनही आपण ती तत्काळ निदर्शनास आणून दिली नाही, ही बाब गंभीर आहे. यापुढे अशी चूक दिसल्यास, शिकवणारा कोणीही असो, त्यास मध्येच थांबवून ती सांगणे ही आपली जबाबदारी राहील."

उकंडराव कागदावर वाकले. विहिरीवर मोटेचं चाक करकरत होतं.

"काय म्हणते थे सुरुवातीले? आपण या केंद्राचे?"

"प्रात्यक्षिक शिक्षक."

"कागदावर तर मी माळी हाये."

"माळ्याला असा ठपका देता येत नाही, मामा," साहेब दुसरीकडे बघत म्हणाले. "माळ्यानं काही सांगायची जबाबदारीच नसते. म्हणून लिहावं लागलं तसं. मोठ्या साहेबांची सही झाली आहे."

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"पुन्हा एकदा वाचा जी. सावकाश."

साहेबांनी पुन्हा वाचलं. सावकाश. मग उकंडरावांनी खाली अंगठा उठवला. नक्कल घेतली, चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात घातली. घरी गेल्यावर सरस्वतीबाईला वाचून दाखवायला कोणीतरी गाठावं लागणार होतं. शाळामास्तरच बरे.

मग त्यांनी झारी उचलली. नळकांड्याच्या तोंडात पानाचा चोथा अडकला होता, पाणी एकाच बाजूनं पडत होतं. त्यांनी कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडून घेतला, भोकं एकेक करून मोकळी केली, आणि उरलेल्या दोन वाफ्यांना पाणी घालायला लागले.